जुनी डिझेल पिकअप: गार असली की अर्ध्या सेल्फात चालू, गरम झाली की घेतच नाही

माणिकचमन

मंडळी, नमस्कार. गाडी सासऱ्यांची आहे, चालवते मी. २००७ ची डिझेल पिकअप, पासिंग एमएच १०. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुठली गाडी भारी यावरच सगळे भांडत बसतील. चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, साधा रोटरी पंप. सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलं काही नाही. चावी फिरवली की पंपावरचा सोलेनॉइड (विजेवर डिझेल सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह) टक् करतो, एवढाच काय तो विजेचा संबंध.

दुखणं असं आहे. सकाळी हात लावला की चालू. दिवसभर चालताना काही तक्रार नाही, ओढते चांगली, टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या खाली. पण गरम झाल्यावर बंद केली की संपलं. सध्या मणेराजुरीकडच्या शेडवरून बेदाणा भरून तासगावला कोल्ड स्टोरेजला टाकायचं काम चालू आहे. एका खेपेला पंधरा किलोचे ऐंशीएक बॉक्स. तिथं वजनकाट्यावर गाडी बंद करायला लावतात. कधी काट्याचा पोरगा जेवायला गेलेला, कधी पावतीचा प्रिंटर अडकलेला. हे सगळं उरकून चावी फिरवली की सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन काही घेईना. मागं ट्रॅक्टरांची रांग आणि हॉर्न. हमाल येऊन ढकलतात, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की मात्र लगेच धरते.

माझ्या लक्षात आलेलं सगळं लिहिते, कामाचं काय ते तुम्ही ठरवा. बंद करून मिनिट-दोन मिनिटांत सेल्फ मारला तर बहुतेक वेळा घेते. दहा मिनिटांपासून पुढं तासभर घेत नाही. त्यानंतर काही झालंच नव्हतं अशी चालू होते. दुपारी त्रास जास्त, संध्याकाळी कमी. टाकी भरलेली असली की कमी होतो असं वाटतं, पण तो माझा भासही असेल.

आतापर्यंत बॅटरी नवी झाली, डिझेल फिल्टर बदलला, नोझल साफ करून झाली. फरक शून्य. आमच्या मिस्त्रीचं म्हणणं, कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उतरवू. मामा, म्हणजे सासरे, म्हणतात, "मग बंदच करू नकोस की गाडी." त्यामुळं हल्ली जाईल तिथं इंजिन धडधडत ठेवते, आणि आठवड्याच्या शेवटी डिझेल एवढं कसं लागलं हे मामाच मला विचारतात.

इंजिन उतरवण्याआधी काय काय तपासू? मल्टिमीटर आहे माझ्याकडं. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. लग्नानंतर तो बॉक्सांवर लेबलं चिकटवण्यात गेला, पण मीटर अजून शाबूत आहे.

खंबाटकी

ताई, हे व्हेपर लॉक, म्हणजे पायपात इंधनाची वाफ होऊन अडकते. आमच्या जुन्या जीपला हमखास व्हायचं. घाट चढून वर चहाला थांबलं की परत चालू व्हायची नाही. डिझेलच्या पायपाला ओलं फडकं गुंडाळा आणि निवांत बसा.

कराड_५०

क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. डोळे झाकून बदला. माझ्या पिकअपला सेम टू सेम होतं. सेन्सर गरम झाला की सिग्नल जायचा, गार झाला की यायचा. सेल्फ मारताना मीटरमधला आरपीएमचा काटा हलत नसेल तर शंभर टक्के तोच.

माणिकचमन

कराडकर दादा, आमच्या गाडीला क्रँक सेन्सर नाही. आरपीएमचा काटासुद्धा नाही. स्पीडोमीटर आहे, तोही मनात आलं तर चालतो.

मिरज_वायरमन

खंबाटकीवाले, तुमची जीप पेट्रोलवर असणार. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो, म्हणून कार्बोरेटरच्या गाड्यांना व्हेपर लॉक व्हायचा. डिझेल उकळायला साधारण १८० अंशांच्या पुढं जावं लागतं. बोनेटखाली कितीही तापलं तरी पायपात डिझेलची वाफ होत नाही. कराडकर, तुमचं बरोबर आहे, पण ते कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर इंजेक्शन चालणाऱ्या, गाडीला.

वहिनी, इंजिन उतरवू नका. कॉम्प्रेशन गेलेली गाडी आधी पहाटे रडते, दुपारी नाही. गार इंजिनात हवा दाबून तापवणं जास्त अवघड असतं. तुमची सकाळी अर्ध्या सेल्फात चालू होते म्हणजे कॉम्प्रेशनला दोष देण्यासारखं काही दिसत नाही.

गरम झाल्यावर गाडी घेत नाही तेव्हा पहिला प्रश्न एकच: सेल्फ सकाळच्याच वेगानं फिरतो का? कानावर विश्वास ठेवू नका, फोनवर आवाज रेकॉर्ड करा. एक सकाळचा, एक काट्यावरचा. शेजारी-शेजारी ऐकलं की कळतं. डिझेल इंजिनाला मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे मिळाले पाहिजेत. सेल्फ सायलेन्सरच्या बाजूला असेल तर गाडी बंद केल्यावर तो आणखी तापतो, कारण पंखा बंद, वारा बंद आणि इंजिनाची सगळी धग बोनेटखाली कोंडलेली. म्हणून तुमचा दहा मिनिटांनंतरचा हिशोब मला पटतो. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो. ३० अंशांचं वाइंडिंग ९० वर गेलं की साधारण २२-२३ टक्के जास्त. सेल्फचे बुश झिजलेले असले तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासतं ते वेगळंच.

आता मीटर. बॅटरी नुसती असताना १२.५-१२.६ दाखवेल. कुणालातरी सेल्फ मारायला लावा आणि तेव्हाच थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर बघा, क्लँपवर नको. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा सेल्फ. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं सेल्फच्या जाड बोल्टवर, परत सेल्फ. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडून. तिथं पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. नवी बॅटरी टाकूनही फरक पडला नाही, अशा गाड्यांत निम्म्या वेळा इंजिन ते चॅसी ही अर्थची पट्टी सडलेली सापडते. ती खाली चिखलात असते, तिच्याकडं कोण बघतंय.

आणि एक. चावी सेल्फच्या पोझिशनला असताना पंपाच्या सोलेनॉइडवर किती व्होल्ट येतात ते बघा. ढकलल्यावर चालू होते म्हणून सोलेनॉइड चांगला, असं लोक म्हणतात, पण तेवढ्यावर भागत नाही. ढकलताना सेल्फ करंट खात नाही, त्यामुळं सोलेनॉइडला पूर्ण बारा मिळतात. सेल्फ मारताना आठ-साडेआठच मिळत असतील आणि कॉइल तापलेली असेल तर तो सुटतो आणि डिझेल बंद करतो. काही जुन्या चावीच्या स्विचमध्ये तर सेल्फच्या पोझिशनला त्या वायरचा काँटॅक्टच तुटतो. तशा गाड्या चावी सोडताना, शेवटच्या फेऱ्याला, एकदम घेतात. तुमची तसं करते का?

माणिकचमन

नाही, चावी सोडताना घेत नाही. बाकी उद्या-परवा बघून लिहिते. उद्या माल कमी आहे.

कुपवाड_पंपलॅब

वायरमन बरोबर सांगतायत, आधी त्यांचं करा. फुकटात होतंय. पण वर्णन वाचून मला पंपाचा वास येतोय, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडं उन्हाळ्यात असे पंप टेबलावर रांगेनं असतात.

रोटरी पंपात चारही सिलिंडरचं काम एकच दांडा करतो. आम्ही त्याला हेड-रोटर म्हणतो. तो फिरतो, मागंपुढं होतो, डिझेल दाबतो आणि आळीपाळीनं चार नळ्यांना वाटतो. त्याच्या आणि भोवतीच्या हेडच्या मध्ये ना रिंग ना सील. फक्त काही मायक्रॉनची फट. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. डिझेलच त्याचं वंगण, डिझेलच त्याचं सील. पत्र्याची जुनी पिचकारी आठवा, आतला वॉशर झिजला की सावकाश दाबल्यावर पाणी मागच्या मागं गळतं, पुढं काही येत नाही, आणि झटक्यात दाबली की मात्र उडतं. तुमचा पंप सेल्फवर सावकाश दाबतोय. ढकलल्यावर झटक्यात दाबतोय.

इंजिन दोनशे आरपीएमनं फिरतं तेव्हा पंप शंभरनं फिरतो, निम्म्या वेगानं. एवढ्या सावकाश फिरताना नोझल उघडण्याइतकं, म्हणजे साधारण दोनशे बारच्या आसपास, प्रेशर करायचं तर गळायला जागा नको. आता डिझेलकडं बघा. आपल्याकडच्या डिझेलचा दाटपणा ४० अंशांना २ ते ४.५ सेंटीस्टोक्स ठेवायचा असा नियम आहे. तेच ८०-९० अंशांवर गेलं की निम्म्यावर येतं. डिझेल निम्म्यानं पातळ झालं की गळती दुप्पट. आणि झिजून फटच दुप्पट झाली असेल तर गळती आठपट, कारण ती फटीच्या घनाच्या हिशोबानं वाढते. म्हणून हे दुखणं अचानक आल्यासारखं वाटतं. झीज वर्षानुवर्षं चालू असते, पण पहिल्यांदा कळतं ते एखाद्या उन्हाळ्यात.

टाकीचा तुम्हाला भास झालेला नाही. पंपातून फिरून आलेलं गरम डिझेल रिटर्न पायपानं टाकीत जातं. टाकी भरलेली असली की त्यात मुरतं. पाव टाकी असली की तेच तेच डिझेल फिरून सगळंच गरम होतं. बंद केल्यावर लगेच का घेते, तर धावताना आतून डिझेल वाहत असतं आणि पंप गार राहतो. बंद केला की इंजिनाची धग त्यात चढते.

तपासायचं कसं ते सांगतो. गाडी बिघडलेली असेल त्याच वेळी, त्याच जागी बघायचं. मिस्त्री येईपर्यंत ती गार होते आणि मग सगळेच हुशार.

घेत नसेल तेव्हा एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडं बघायचं. पांढरा-राखाडी धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग पंपाला शिव्या देऊ नका. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. मग एका नोझलचा पाईप-नट एक आटा ढिला करा आणि सेल्फ मारा. चांगला पंप पिचिक-पिचिक उडवतो. गेलेला पंप नुसता ओलावतो. बोट लावून बघायचं नाही, तोंड जवळ न्यायचं नाही. प्रेशरचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि मग बोट कापायची वेळ येते, हे मी पाहिलंय.

शेवटची चाचणी ओल्या पोत्याची. इंजिन बंद असताना पोतं भिजवून, पिळून फक्त पंपावर टाका. सेल्फवर, वायरींवर पाणी नको. दहा मिनिटांनी सेल्फ मारा. घेतली तर हेड-रोटर गेलाय, बाकी शोधाशोध थांबवा. पण दुसऱ्या खेपेला तेवढीच दहा मिनिटं पोतं न टाकता नुसतं थांबूनही बघा. नाहीतर पोत्यानं झालं की नुसत्या वेळानं, हे कळणार नाही. आणि चालू इंजिनाच्या पंपावर गार पाणी ओतणारे शहाणे रस्त्यावर भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. बाहेरची बॉडी आक्रसते, आत रोटर गरमच असतो, फट संपते आणि पंप जागेवर जाम होतो.

खंबाटकी

म्हणजे ओलं फडकं हे माझंच उत्तर झालं की.

कुपवाड_पंपलॅब

पायपावर नाही, पंपावर.

माणिकचमन

वायरमन दादा, लॅबवाले काका, सगळं करून बघितलं. क्रमानं लिहिते.

आवाजाची गंमत आधी. सकाळचं आणि काट्यावरचं रेकॉर्डिंग लावून बघितलं, गरम असताना सेल्फ जरा ओढत फिरतोय. थोडाच फरक आहे, पण आहे. माझ्या कानाला तो कधीच जाणवला नव्हता.

मीटर: बॅटरी १२.५. गरम असताना सेल्फ मारताना खुंट्यांवर ९.९. प्लसची केबल ०.३, म्हणजे ठीक. बॅटरीचा मायनस ते इंजिन ब्लॉक ०.७. मग खाली शिरले. अर्थच्या पट्टीचे निम्मे धागे हिरवे होऊन तुटलेले आणि बोल्टखाली गंज. सेल्फ २०० अँपिअर खातो असं धरलं तर ०.७ व्होल्ट म्हणजे साडेतीन मिलिओहम. मीटरनं नुसता ओहम मोजला असता तर शून्यच दिसला असता. डिप्लोम्याची फी कुठंतरी वसूल झाली.

पट्टी नवी टाकली, जागा पॉलिश पेपरनं घासली. आता तिथं ०.१ येतं. सेल्फ सकाळी आणि दुपारी सारखाच फिरतो. सोलेनॉइडवर सेल्फ मारताना साडेनऊच्या वर मिळतात आणि थेट बॅटरीवरून वायर देऊनही काही फरक पडत नाही, म्हणजे त्याचा दोष नाही. मला वाटलं जिंकलो. संध्याकाळच्या खेपेला काट्यावर एका झटक्यात चालू झाली, मामांना फोनसुद्धा केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी परत तेच. ऊन चाळिशीला टेकलेलं, टाकी पावच्या खाली.

मग लॅबवाल्या काकांचं. धूर: काहीच नाही, सायलेन्सरचं तोंड कोरडं. पहिल्या नोझलचा नट ढिला केला, डिझेल नुसतं पाझरतंय. सकाळी गार असताना तेच केलं तर चांगलं लांब उडालं, माझी ओढणी गेली त्यात. ओलं पोतं: कोल्ड स्टोरेजच्या नळाखाली भिजवलं, पंपावर टाकलं, पावती घेऊन आले तोवर दहा-बारा मिनिटं झाली होती. चालू. पुढच्या दुपारी पोतं न टाकता तेवढंच थांबले. नाही घेतली. मग पोतं टाकलं. घेतली. काट्याचा पोरगा आता विचारतो, "वहिनी, आज पोतं आणलंय का?"

तर आता पुढं काय? मिस्त्री अजून म्हणतोय, "पंपाचा स्क्रू थोडा वाढवून देतो, घेईल." आणि एका ड्रायव्हरनं सांगितलं की टाकीत टू-टी ऑइल टाका, पंप मोकळा होतो. मामा ते आणायला निघाले होते, थांबवून ठेवलंय.

मिरज_वायरमन

आकडे लिहिणारं गिऱ्हाईक भेटलं की बरं वाटतं. पट्टीच्या दोन्ही टोकांना ग्रीस लावून ठेवा, पावसाळ्यात परत सडेल. पुढचं काकांचं.

कुपवाड_पंपलॅब

स्क्रू वाढवायचा नाही. त्यानं पूर्ण लोडवरचं डिझेल वाढतं. गाडी काळा धूर टाकेल, ॲव्हरेज पडेल, पीयूसीला अडकेल, आणि गरमचं दुखणं थोडे दिवस झाकलं जाईल. फट आहे तेवढीच राहते. टू-टी ऑइलचं म्हणाल तर लोक टाकतात त्या प्रमाणात डिझेलच्या दाटपणाला कणभर फरक पडत नाही. झिजलेलं लोखंड तेलानं भरून येत नाही.

पंप उतरवून लॅबला द्या. कुठल्याही चांगल्या लॅबला द्या, माझ्याकडंच या असं नाही. देण्याआधी इंजिनावर पंपाच्या फ्लँजची खूण खिळ्यानं करून ठेवायला सांगा, म्हणजे बसवताना टायमिंगची (डिझेल नेमकं कधी सोडायचं त्याची) सुरुवात तरी बरोबर होईल. पाईप काढले की सगळी तोंडं स्वच्छ बुचांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका. चिंधीचा एक धागा नोझल जाम करतो.

लॅबवाल्याला एक गोष्ट नक्की विचारा: सुरू होतानाच्या वेगाला, म्हणजे पंपाच्या शंभर आरपीएमला, प्रत्येक नळीला डिझेल किती येतं? हजार आरपीएमचे आकडे सगळे दाखवतात, कारण ते छान येतात. बेंचवरचं तेल कोमट असतं, तुमच्या बोनेटखालची दुपार तिथं नसते. त्यामुळं थोडा झिजलेला हेड बेंचवर पास होऊन गाडीवर नापास होतो. तुमच्या लक्षणांवरून हेड-रोटर बदलायलाच लागेल. सील किट त्याच वेळी टाका, आतल्या व्हेन पंपाची पाती बघायला सांगा. जुना हेड परत मागून घ्या आणि उन्हात धरून बघा. उभ्या रेघा दिसतील, नख अडकेल. त्यावरून कारण कळतं.

कराड_५०

काका, हे नव्या डिझेलमुळं होतंय ना? बीएस ६ आल्यापासून जुने पंप धडाधड जातायत असं सगळे म्हणतात. गंधक काढलं, वंगण गेलं.

कुपवाड_पंपलॅब

अर्धं खरं. गंधक ३५० पीपीएमवरून ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० वर. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणशक्ती कमी होते, हे बरोबर. पण म्हणूनच कंपन्या त्यात वंगणाचं ॲडिटिव्ह घालतात. त्याची चाचणी असते. ठरलेल्या घासणीनंतर पडणारा डाग ४६० मायक्रॉनच्या आत यावा लागतो, तरच ते डिझेल विकता येतं. मी उघडतो त्या पंपांत बहुतेक वेळा पाण्याचा गंज नाहीतर कचऱ्याच्या रेघा असतात. पेट्रोल पंपावरनं डिझेल कॅनमध्ये आणायचं, शेडवर महिना-महिना ठेवायचं, मग त्याच कॅननं गाडीत ओतायचं. वहिनी, शेडवर जनरेटर आहे का?

माणिकचमन

आहे. आणि निळा कॅनही आहे. त्याला झाकण म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि रबर. बघा, न बघता ओळखलंत. शेडच्या आजूबाजूला धूळ इतकी की बेदाण्यावर बसू नये म्हणून आम्ही जाळी लावतो, कॅनला मात्र पिशवी.

कुपवाड_पंपलॅब

मग उत्तर मिळालं. फिल्टरच्या खालचा बोल्ट दर पंधरवड्याला ढिला करून पाणी काढत जा. तळाशी पाणी दिसलं तर टाकीही एकदा उतरवून धुवा, नाहीतर नवा हेड त्याच पाण्यात जाईल.

माणिकचमन

काम झालं म्हणून लिहायला आले. पंप सांगलीत एका लॅबला दिला. आधीचा आकडा दाखवा म्हटल्यावर तिथला माणूस जरा चमकला, पण दाखवला. शंभर आरपीएमला एक नळी जवळपास कोरडी, बाकी तीन रडत-रडत. हेड-रोटर, सील किट नवीन. जुना परत आणलाय. उभ्या रेघा आहेत आणि एका बाजूला तपकिरी डाग, तोच पाण्याचा गंज असणार. टाकी धुतली तेव्हा तळातून वाटीभर पाणी आणि चिकट काळं काहीतरी निघालं. खर्च इंजिनाच्या निम्म्यानंही नाही, पण हलकाही नाही. मामांनी हिशोब दोनदा विचारला.

आता भर दुपारी, पाव टाकीवर, काट्यावर अर्धा तास उभी करून मुद्दाम बघितली. सकाळसारखी चालू होते. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. गार असताना टकटक आवाज आधीपेक्षा थोडा जास्त येतो, गरम झाल्यावर जातो. आणि आयडलिंग किंचित वाढल्यासारखं वाटतं.

कुपवाड_पंपलॅब

टायमिंग एखाद्या अंशानं पुढं बसलं असेल. बसवणाऱ्यानं डायल गेज (टायमिंग मोजायचं मापक) लावलं होतं की नुसती खूण जुळवली? खूण जुळवली असेल तर गेज लावून घ्या. हेड बदलल्यावर जुनी खूण फक्त जवळपास नेते. ओढायला चांगली आणि धूर नसेल तर घाई नाही, पण टकटक ऐकत वर्षभर चालवू नका. आयडलिंगचा स्क्रू बाहेरचा असतो, तो कुणीही कमी करेल. शेजारचा सील केलेला स्क्रू मात्र तसाच राहू द्या. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.

माणिकचमन

नुसती खूण. सोमवारी गेज लावून घेते.

कवठे_महांकाळ_टेंपो

धागा सगळा वाचला. माझ्याही टेंपोचं गरमलाच दुखणं आहे, पण माझ्यात सेल्फ मारताना भसाभस पांढरा धूर येतो आणि पोत्यानं काही होत नाही. गार असताना जरा थरथरते, पण चालू होते. पंपच उतरवू का?

कुपवाड_पंपलॅब

नको. धूर येतोय म्हणजे तुमच्यात डिझेल पोचतंय. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) शेवटचे कधी बघितले? त्यांची फट कमी ठेवली असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. मागं कुणी इंजिनाच्या हेडचं काम केलंय का, कधी केलंय, आणि वायरमननी वर सांगितलेले व्होल्टचे तीन आकडे, हे सगळं घालून नवा धागा काढा. इथं दोन गाड्या एकत्र केल्या तर घोळ होईल.